बँकेत नसलेले पाच हजार कोटी

साखर कारखान्याचे हिशेब खरे की खोटे, हे पाहायचे असेल तर गोदामात जाऊन पोती मोजता येतात. गिरणीत सूत असते, सराफाकडे सोने असते. काटा लावला की निम्मी शंका फिटते. सॉफ्टवेअर कंपनीकडे मोजण्यासारखे काय असते? इमारत भाड्याची असू शकते, संगणक चार-पाच वर्षांत भंगारात जातात. तिचा माल म्हणजे इंजिनिअरांनी सातासमुद्रापलीकडच्या ग्राहकासाठी घातलेले तास आणि त्या तासांची पाठवलेली बिले. गुंतवणूकदाराला ना ते तास दिसतात, ना तो ग्राहक. त्याच्या हाती येतो फक्त तिमाही निकालाचा कागद.

अशा धंद्यात त्यातल्या त्यात भक्कम आकडा कोणता, असे विचारले तर कोणीही सांगेल, बँकेतली शिल्लक. विक्री वाढवून सांगता येईल, खर्च पुढच्या तिमाहीत ढकलता येईल. पण बँकेतले पैसे एकतर असतात किंवा नसतात. २००९ सालच्या जानेवारीत भारतातल्या गुंतवणूकदारांना कळले की सर्वांत मोठे खोटे नेमके याच आकड्यात दडवलेले होते.

कबुलीचे पत्र

सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी बी. रामलिंग राजू यांनी १९८७ मध्ये हैदराबादेत सुरू केली. २००१ मध्ये तिच्या शेअरची अमेरिकी रूपे न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात दाखल झाली. २००८ पर्यंत टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो यांच्या पाठोपाठ तिचे नाव घेतले जाई. फुटबॉलच्या विश्वचषकाचे प्रायोजकत्व तिच्याकडे होते. त्याच वर्षी उत्तम कंपनी कारभारासाठीचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कारही तिला मिळाला.

७ जानेवारी २००९, बुधवार. बाजार सुरू असतानाच राजू यांचे एक पत्र संचालक मंडळाकडे, शेअर बाजारांकडे आणि सेबीकडे पोहोचले. त्यात त्यांनी चार आकडे दिले होते. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख व बँक शिल्लक म्हणून ५,३६१ कोटी रुपये दाखवले होते. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. ठेवींवर साचलेले व्याज म्हणून दाखवलेले ३७६ कोटी काल्पनिक होते. १,२३० कोटींचे देणे हिशेबात घेतलेलेच नव्हते. आणि ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम ४९० कोटींनी फुगवलेली होती. चारही मिळून ७,१३६ कोटी.

आदल्या दिवशी १७९ रुपयांच्या आसपास बंद झालेला सत्यमचा शेअर त्या दिवशी ४० रुपयांवर आला. सेन्सेक्स सुमारे ७५० अंकांनी कोसळला. सुरुवातीची छोटीशी तफावत वर्षागणिक वाढत गेली आणि आपण वाघावर बसलो, उतरावे तर तो खाणार, असे राजू यांनी पत्रात लिहिले होते. वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो, हे मराठी माणूस ऐकतच लहानाचा मोठा होतो. इथे वाघ पाळला एकाने आणि त्याने खाल्ले मात्र भलत्यांनाच.

५८८ कोटींचा धडा

त्या पत्रातली एक जोडी मला फार बोलकी वाटते. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत कंपनीने २,७०० कोटींचे उत्पन्न आणि ६४९ कोटींचा कार्यकारी नफा जाहीर केला होता. प्रत्यक्षात उत्पन्न होते २,११२ कोटी आणि नफा ६१ कोटी. आता वजाबाकी करू. उत्पन्नातली तफावत ५८८ कोटी. नफ्यातली तफावतही ५८८ कोटी.

हा योगायोग नव्हे. खऱ्या विक्रीमागे खर्च येतो. शंभर रुपयांचे जादा काम मिळाले तर माणसे लागतात, त्यांचे पगार, प्रवास, वीज असा खर्च होतो आणि हाती पंधरा-वीस रुपये उरतात. खोट्या विक्रीला काहीच लागत नाही. शंभराचे बनावट बिल फाडले की शंभरच्या शंभर रुपये नफ्यात जाऊन बसतात. त्यामुळे २४ टक्के मार्जिन कमावणारी कंपनी आणि ३ टक्के मार्जिनची कंपनी यांच्यातले अंतर नुसत्या छापील कागदाने भरून काढता येते. अमेरिकेच्या रोखे आयोगाने नंतर सांगितले की सत्यममध्ये अशी सहा हजारांहून अधिक बनावट बिले तयार केली गेली होती.

जाहीर केलेला २४ टक्के नफा डोळे दिपवणाराही नव्हता. त्या काळी मोठ्या आयटी कंपन्यांचे मार्जिन त्याच पट्ट्यात असे. कंपनीने ५० टक्के सांगितले असते तर विश्लेषकांनी भुवया उंचावल्या असत्या. चारचौघांसारखा आकडा कोणी तपासत नाही.

पण खोट्याचे एक दुखणे असते. बिल खोटे असेल तर त्याचे पैसे कधी येणारच नाहीत. मग ताळेबंदात ‘येणी’ फुगत जातात आणि वर्षभर थकलेली येणी पाहून कोणीही विचारतो, हा ग्राहक पैसे का देत नाही? हा प्रश्न टाळायचा तर बिल वसूल झाल्याचे दाखवावे लागते. वसूल झाले तर पैसे बँकेत दिसले पाहिजेत. म्हणून बँकेची खोटी विवरणे आली, मुदत ठेवींच्या खोट्या पावत्या आल्या. ठेव आली की तिच्यावर व्याज येणार, म्हणून ३७६ कोटींचे खोटे व्याज आले. पत्रातले बहुतेक आकडे असे एकाच्या पोटातून दुसरा जन्मलेले आहेत.

बँकेला कोणी विचारले नाही

मग ऑडिटर काय करत होते? हा प्रश्न तेव्हा गावोगावच्या ब्रोकरांच्या कचेऱ्यांत विचारला गेला आणि त्याचे उत्तर साधे आहे. बँक शिल्लक तपासण्याची रीत जगभर एकच आहे: ऑडिटरने स्वतः बँकेला पत्र लिहायचे, आणि बँकेने उत्तर कंपनीच्या हाती न देता थेट ऑडिटरला पाठवायचे. सत्यमचे लेखापरीक्षण प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय संस्थांकडे होते. अमेरिकी रोखे आयोगाने २०११ च्या आदेशात ठपका ठेवला तो याच प्राथमिक पायरीवर: बँक शिल्लक आणि येणी यांची बाहेरून खातरजमा करण्याचे मूलभूत काम नीट झाले नाही. त्या संस्थांनी आयोगाला ६० लाख डॉलरचा दंड भरला.

बँक ठेवीच्या व्याजातून मुळातच कर कापते आणि त्याचा दाखला देते. म्हणजे ठेव खरी असेल तर तिची खूण तीन ठिकाणी उमटते: बँकेच्या वहीत, व्याजाच्या जमेत आणि कर खात्यात. तीनही खुणा जुळवायला फार हुशारी लागत नाही, चिकाटी लागते.

उलटे वाचलेले नाव

गुंतवणूकदारांना पहिली चाहूल लागली ती पत्राच्या तीन आठवडे आधी. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या संचालक मंडळाने मेटास प्रॉपर्टीज ही पूर्ण कंपनी आणि मेटास इन्फ्रातला ५१ टक्के हिस्सा मिळून १६० कोटी डॉलरला विकत घेण्याचे ठरवले. एक बांधकाम आणि जमिनीचा व्यवसाय करणारी, दुसरी पायाभूत सुविधा उभारणारी. दोन्ही राजू कुटुंबाशी जोडलेल्या. ‘सत्यम’ची इंग्रजी अक्षरे उलटी लिहिली की ‘मेटास’ होते.

सॉफ्टवेअर कंपनीला जमिनींचे काय करायचे होते? न्यूयॉर्कमध्ये तिच्या शेअरचा भाव एका दिवसात अर्ध्याहून खाली आला आणि काही तासांत व्यवहार मागे घ्यावा लागला. त्यामागचा हेतू कबुलीच्या पत्रातून कळला. नसलेल्या रोकडीच्या जागी खरी मालमत्ता आणून बसवण्याचा तो अखेरचा प्रयत्न होता. व्यवहार झाला असता तर ‘खर्च झाली’ म्हणून ती रोकड ताळेबंदातून कायमची नाहीशी झाली असती आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

पुढचे दिवस भराभर गेले. लाच आणि कागदपत्रांतील त्रुटींच्या कारणावरून जागतिक बँकेने सत्यमला आठ वर्षे काम देण्यास मनाई केल्याचे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाहीर झाले. पाठोपाठ स्वतंत्र संचालक एकेक करून राजीनामे देऊ लागले. त्यांत हार्वर्डचे प्राध्यापक होते, पेंटियम चिपच्या निर्मितीशी ज्यांचे नाव जोडले जाते ते अभियंते होते. मंडळावर नामवंत मंडळी आहेत म्हणून निर्धास्त राहिलेल्या गुंतवणूकदाराला हा दुसरा धक्का. हिशेब तपासणे ही नामवंतपणाहून वेगळी गोष्ट आहे.

बाहेरून काय दिसत होते?

पत्र आल्यावर सगळेच शहाणे झाले. पण आधी, केवळ जाहीर कागदांवरून, काय दिसू शकत होते?

पहिली गोष्ट प्रवर्तकांचा हिस्सा. २००१ मध्ये तो पंचवीस टक्क्यांच्या घरात होता, २००८ मध्ये नऊ टक्क्यांच्या खाली आला. घरचाच माणूस आपल्या ताटातले वाढून दुसऱ्याला देत असेल, तर जेवणाबद्दल दोन प्रश्न विचारायला हरकत नव्हती. उरलेल्या शेअरांपैकी बहुतेक कर्जासाठी गहाण पडले होते, पण हे मात्र सामान्य गुंतवणूकदाराला दिसत नव्हते, कारण गहाण शेअर जाहीर करण्याची सक्तीच तोवर नव्हती. भाव कोसळला तेव्हा सावकारांनी ते शेअर विकून टाकले. कबुलीच्या पत्राच्याच महिन्यात सेबीने ही माहिती देणे बंधनकारक केले. आज प्रत्येक तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात हा रकाना असतो. इतक्या महाग पडलेल्या रकान्याकडे किती जण पाहतात, हा वेगळा प्रश्न.

दुसरी गोष्ट निजून पडलेली रोकड. पाच हजार कोटी बँकेत असलेली कंपनी ते पैसे भागधारकांना मोठ्या लाभांशाने का देत नाही, काही विकत का घेत नाही? रोकड खरी असेल तर ती कधीतरी हालचाल करते.

तिसरी गोष्ट नात्यातले व्यवहार. मेटासच्या वेळी गुंतवणूकदारांनी कोणताही गुन्हा ओळखला नव्हता. आमच्या पैशाने घरच्यांची कंपनी का घेता, एवढेच त्यांनी विचारले. हिशेबाची बारकाई ज्यांच्या आवाक्यात नव्हती त्यांना हा व्यवहारी प्रश्न मात्र सुचला आणि त्यानेच सगळा डोलारा खाली आला.

म्युनिचजवळचा प्रयोग

हे हैदराबादचेच वैशिष्ट्य, असे कोणाला वाटत असेल तर अकरा वर्षांनंतरचे जर्मनी पाहावे. म्युनिचजवळच्या आशहाइमची वायरकार्ड ही ऑनलाइन पैसे देवघेवीची तंत्रज्ञान कंपनी. सप्टेंबर २०१८ मध्ये तिने जर्मनीच्या डॅक्स निर्देशांकात शतकी परंपरेच्या कॉमर्झबँकेची जागा घेतली. ‘फायनान्शियल टाइम्स’ वर्षानुवर्षे तिच्या हिशेबांवर शंका घेत होता. जर्मन नियामकाने काय केले? फेब्रुवारी २०१९ मध्ये या शेअरच्या मंदीच्या सौद्यांवर दोन महिन्यांची बंदी घातली आणि पत्रकारांविरुद्धच तक्रार नोंदवली.

१८ जून २०२० रोजी ऑडिटर ईवायने हिशेबांवर सही करण्यास नकार दिला. १९० कोटी युरो सापडत नव्हते. ज्या दोन फिलिपिनी बँकांत ते असल्याचे सांगितले जात होते, त्या बँकांनी कागदपत्रे बनावट असल्याचे कळवले. आठवड्याभरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुन्हा तोच आकडा, तीच बँक शिल्लक, तोच बँकेला थेट न विचारलेला प्रश्न.

शंका म्हणजे निकाल नव्हे

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग शंका आली की शेअर विकून मोकळे व्हावे. थांबा. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी इन्फोसिसचा शेअर एका दिवसात सुमारे १६ टक्के पडला. उत्पन्न आणि नफा वाढवून दाखवण्यासाठी वरिष्ठ अधिकारी गैरमार्ग वापरतात, असा आरोप करणारे निनावी पत्र उघड झाले होते. सत्यमची आठवण ताजी असलेल्या बाजाराने कागद पुरता वाचण्याआधीच विक्री केली.

कंपनीच्या लेखापरीक्षण समितीने बाहेरचे वकील आणि तपासनीस नेमले. १० जानेवारी २०२० रोजी समितीने आरोपांत तथ्य आढळले नसल्याचे जाहीर केले. अमेरिकी रोखे आयोगानेही मार्चमध्ये कारवाईविना चौकशी बंद केली. घाबरून विकणाऱ्याचे नुकसान खरे होते, आरोप मात्र टिकले नाहीत.

आरोप दोन्हीकडे गंभीर होते. फरक होता तो कंपन्यांच्या वागण्यात. वायरकार्डने पत्रकारांवर दोषारोप केले आणि हिशेबाच्या दिलेल्या तारखा पुढे ढकलल्या. इन्फोसिसने चौकशी बाहेरच्यांकडे सोपवली, तारखेला निकाल जाहीर केले आणि आरोपांचे मुद्दे एकेक करून तपासले. ऑडिटर मुदतीआधी सोडून जातो, निकालाची तारीख पुढे जाते, मुख्य वित्त अधिकारी कारण न देता बाहेर पडतो, तेव्हा शंकेला वजन येते. हे काहीच घडत नसेल तर निनावी पत्र हे पुराव्याच्या प्रतीक्षेतले कागदाचे पान असते.

नंतर काय बदलले

सत्यम प्रकरणी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने ९ एप्रिल २०१५ रोजी राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढच्याच महिन्यात अपिलात शिक्षेला स्थगिती मिळून ते जामिनावर सुटले. अमेरिकेत दावा लावलेल्या गुंतवणूकदारांना सत्यमने तडजोडीपोटी साडेबारा कोटी डॉलर देऊ केले. सांगली किंवा सुरतेच्या छोट्या भागधारकाला अशा एकत्रित दाव्याची वाट आपल्या कायद्यात तेव्हा नव्हती. ती २०१३ च्या कंपनी कायद्याने दिली. त्याच कायद्याने ऑडिटर ठराविक वर्षांनी बदलण्याची सक्ती आणली. २०१८ मध्ये ऑडिटरांवर देखरेख करणारे राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणही उभे राहिले. नियम वाढले, पण नियमांमुळे मिळालेली माहिती वाचायची कोणी, हा प्रश्न तसाच आहे.

या कथेचा शेवट मात्र कोणालाही अपेक्षित नव्हता असा झाला. सरकारने संचालक मंडळ बरखास्त करून किरण कर्णिक, दीपक पारेख, सी. अच्युतन अशा मंडळींकडे कंपनी सोपवली. १३ एप्रिल २००९ रोजी पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्राने शेअरमागे ५८ रुपये देऊ करून लिलाव जिंकला. त्या वेळी सत्यमचा विश्वासार्ह ताळेबंद नव्हताच. दुरुस्त केलेले हिशेब सप्टेंबर २०१० मध्ये बाहेर आले. म्हणजे हिशेबाचा एकही कागद भरवशाचा नसताना जाणकार खरेदीदाराने ५८ रुपये मोजले. कशासाठी? कामावर येत राहिलेल्या हजारो इंजिनिअरांसाठी आणि काम काढून न घेतलेल्या परदेशी ग्राहकांसाठी. २०१३ मध्ये सत्यम टेक महिंद्रात विलीन झाली.

प्रकरणाच्या सुरुवातीला आपण म्हटले होते, सॉफ्टवेअर कंपनीत मोजता येत नाही ते तास आणि ग्राहक, आणि मोजता येते ती बँकेतली शिल्लक. सत्यममध्ये मोजता न येणारे बहुतांशी खरे निघाले. मोजता येण्यासारखे होते ते कोणी मोजले नाही.

तंत्रज्ञान कंपनीचा शेअर घेण्याआधी तिचा वार्षिक अहवाल शेवटाकडून वाचायला घ्या. अध्यक्षांचे रंगीत मनोगत सोडा. ऑडिटरचा अभिप्राय, नात्यातल्या व्यवहारांची टीप, गहाण शेअरचा रकाना आणि रोख प्रवाहाचे पत्रक पाहा. नफा वाढतो आहे तर धंद्यातून आलेली रोकडही वाढते आहे का, ठेवींच्या मानाने व्याज येते आहे का, एवढे दोन ताळे स्वतःच्या हाताने घाला. तासाभराचे काम आहे. ते करायचे नसेल तर त्या कंपनीचा शेअर घेऊ नका.